वाहरूनं आणलेलं तेल

धानोरा, ता. नंदुरबार
१२ जून १९५७

चि. लोटन,

आशीर्वाद आणि एक काम, दोन्ही एकाच पाकिटातून पाठवतो आहे.

इंजिन आलं. नंदुरबार स्टेशनावरून दोन गाड्यांत आणलं, एकीत धड आणि दुसरीत चाकं. वरून पाणी ओढायला त्याचा दम पुरत नाही म्हणे, म्हणून विहिरीत दोन पुरुष खोलीवर दगडी ओटा बांधून त्यावर बसवलं. तुझ्या कारखान्याचा मिस्त्री दोन दिवस राहून गेला. जाताना म्हणाला, तुमचा मावसभाऊ आमच्याकडे चाचणीखोलीत आहे, त्याच्या सहीशिवाय तेलाचा थेंब पास होत नाही. आईनं हे साऱ्या गल्लीला ऐकवलं. तुझी आई गेल्यावर तू आमच्याकडे आलास तेव्हा तुला नाक पुसता येत नव्हतं, हेही त्याच दमात ऐकवलं.

तापीकाठच्या आपल्या पाहुण्यांना नदी आहे, मला ही एक विहीर. केळी लावायची तर इंजिनाशिवाय गत नव्हती. मोटेचे चारही बैल दिले. वाहरू तुला आठवत असेल. सातपुड्यातून आला आणि वीस वर्षं आपल्याकडे सालदार राहिला, बैल त्याच्याच हाताखाली वाढले. ते गेले त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही. सांगितलेलं ऐकतो, मान हलवतो, काम करतो. इंजिन मात्र मिस्त्रीकडून त्यानंच शिकून घेतलं. त्याची बायको रूपलीबाई विहिरीत डोकावून विचारत होती, "चावत नही ना ते?"

आता काम. इंजिनाबरोबरच्या पुस्तकात लिहिलं आहे की कंपनीनं मान्य केलेलंच तेल घाला, आणि खाली पाच नावं दिली आहेत. त्यातलं एक नंदुरबारला मिळतं, तेही महिन्यातून एकदा आणि नशिबात असेल तर. खांडबाऱ्याच्या बाजारात मात्र एक व्यापारी रेल्वेनं पिंपं आणून सुटं तेल विकतो. वाहरूचा साडू तिथलाच. तो म्हणतो की त्या बाजूची सगळी इंजिनं त्यावरच चालतात. खरं सांग, तुमच्या शिक्क्यात काही अर्थ आहे, की तो नुसता डब्याचा दागिना?

रूपचंद


पुणे
२४ जून १९५७

ती. रूपचंदभाऊ,

नमस्कार. मावशीला सांगा, नाक आता पुसता येतं.

तुम्ही शिक्क्याला दागिना म्हणालात, म्हणून सविस्तर लिहितो. तेलवाले त्यांचं पिंप आमच्याकडे पाठवतात. आम्ही ते तेल आमच्या इंजिनात घालून चारशे ऐंशी तास चालवतो, पूर्ण भारावर. मग इंजिन उघडतो. दट्ट्यावर काजळी किती, त्याच्या कड्या मोकळ्या फिरतात की चिकटल्या, बेअरिंग किती झिजलं, हे मी माझ्या हातानं बघतो आणि मोजतो. एवढं करून तेल उतरलं तरच त्याचं नाव पुस्तकात येतं आणि डब्यावर आमची खूण छापायची परवानगी मिळते. गेल्या वर्षी अकरा तेलं आली, चार उतरली. बाकीची सातही दिसायला सोन्यासारखी होती.

सुट्या तेलाचं काय सांगावं? ते चांगलं असेल, वाईटही असेल. पिंपात काय आहे ते पिंपालाच ठाऊक. शिक्का म्हणजे एवढंच, की तुमच्याआधी कुणीतरी उघडून बघितलं आहे. तुमचं इंजिन विहिरीत आहे, खाली उतरून माणूस त्याच्याजवळ उभा राहतो. माझं ऐका, शिक्क्याचंच घाला. थांबावं लागलं तर थांबा.

वाहरूशी तुम्हीच आधी बोला. तो तुमच्याहून अडेल आहे.

तुमचा लोटन


धानोरा
२ सप्टेंबर १९५७

चि. लोटन,

पाऊस बरा आहे. इंजिन महिनाभर गप्प होतं, आता परत चालेल.

पोळा झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या दारात बैल नव्हता. मारुतीपुढे साऱ्या गावाची जनावरं जमली आणि मी घरातच बसलो. आईला राहवलं नाही. तिनं इंजिनाला हळद लावायला वाटी भरून दिली, वाहरूनं उतरून लावली, झेंडूची माळ घातली. गावानं हसून घेतलं. वाहरू बोलायला लागला आहे, हे मोठं झालं.

तेलाचं म्हणशील तर नंदुरबारला डबा आलाच नाही. वाहरू खांडबाऱ्याहून सुटं घेऊन आला. रागावू नकोस. पुढच्या वेळी शिक्क्याचं.

रूपचंद


धानोरा
२१ नोव्हेंबर १९५७

लोटन,

वाहरू गेला. आज नववा दिवस.

भर दुपारची वेळ. मी केळीत होतो. इंजिनाचा ठोका जड पडायला लागला, कुणी छातीवर बसल्यासारखा. वळून बघतो तर विहिरीच्या तोंडातून निळा धूर. वाहरू माझ्याआधी पोचला आणि उतरला. मी काठावरून ओरडलो, "सोड त्याले, वर ये." खालून त्याचा आवाज आला, "गार करी लेस, मालक." धुरात मला त्याचं मुंडासं दिसत होतं. मग इंजिन थांबलं. थांबलं तेव्हा मला बरं वाटलं रे, वाटलं त्यानं बंद केलं. मी वाट बघत उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही. मग हाका मारल्या.

पाण्यातून काढला तेव्हा अंगावर खरचटलंसुद्धा नव्हतं. धुरानं गुदमरला आणि घसरला, असं डॉक्टर म्हणाले. तुमच्या मिस्त्रीनं येऊन इंजिन उघडलं. दट्ट्या जागेवर धरून बसला होता, आत गोंदासारखा चिकट थर. तो म्हणाला, तेलानं घात केला.

तू लिहिलं होतंस. तुझं पत्र अजून पेटीत आहे आणि मला ते पाठ झालं आहे. सुटं तेल मी घालू दिलं. मला एकच सांग, तेल वाईट होतं ना?

रूपचंद


पुणे
२७ नोव्हेंबर १९५७

ती. भाऊ,

तुमचं पत्र हातात घेऊन दिवसभर हिंडतो आहे. मी लहान असताना वाहरूनं मला बैलाच्या पाठीवर बसवून तुमच्या वावरात आणलं होतं. त्याला जाऊन पंधरा दिवस होत आले आणि मी इथं तेलांची नावं लिहितो आहे.

मी आधी सांगितलं होतं, हे मनात आणू नका. मला त्यात काडीचं समाधान नाही. दोन बाटल्या पाठवा. एकीत डब्यात उरलेलं तेल आणि दुसरीत इंजिनातून काढलेलं. भुशात नीट बांधून रेल्वेनं पाठवा. मी स्वतः तपासतो, आणि जे निघेल ते तुम्हाला लिहितो.

लोटन


धानोरा
१५ डिसेंबर १९५७

लोटन,

दोन्ही बाटल्या आज पाठवल्या.

एक विचारतो. तू यंत्रातला माणूस आहेस, हसू नकोस. इंजिनाचा दट्ट्या मिस्त्रीनं काढून नेला आहे, खाली नुसतं धूड आणि चाकं आहेत. तरी दुपारी बाराच्या पुढं, वावरात चिटपाखरू नसतं तेव्हा, ते चालतं. मी ऐकतो. चांगला हलका ठोका, पहिल्या महिन्यात होता तसा. काठावर गेलं की थांबतं. मागं फिरलो की सुरू होतं. ओढ्यापलीकडच्या इंजिनाचा आवाज विहिरीत घुमत असेल, असं म्हणून मी एक दिवस पलीकडे चालत गेलो. त्यांचं इंजिन बंद होतं आणि त्याच्यावर कोंबडी बसली होती.

तुझी रंजनावहिनी म्हणते, दुपारी शेतात जाऊ नका. पण न जाऊन कसं चालेल? तिथं कुणीतरी काम करतंय.

गावात सांगून टाकलं, बिनशिक्क्याचं तेल होतं, त्यानं झालं. लोकांना काहीतरी सांगावं लागतं. रूपलीबाई माहेरी डोंगरात निघून गेली. जाताना आईच्या पाया पडली, माझ्याकडे बघितलं नाही.

रूपचंद


पुणे
६ जानेवारी १९५८

ती. भाऊ,

बाटल्या मिळाल्या. एकीचं बूच सैल झालं होतं आणि तेल भुशात मुरलं होतं, त्यामुळे चाचणी हवी तशी झाली नाही. निश्चित असं काही सांगता येत नाही. सांगता येणारही नाही, असं वाटतं.

आता हा विषय सोडा. कुणाचाच दोष नाही असं धरा. इंजिन विकून टाका. दुपारी घरी थांबत जा. वहिनींचं ऐका.

मावशीची काळजी घ्या. तिला तेलाबिलाचं काही विचारू नका.

लोटन


धानोरा
२ फेब्रुवारी १९५८

लोटनभाऊ, सासूबाई सांगतात तसं लिहिते आहे. त्यांच्या शब्दांत माझा काही हात नाही. रंजना.

लोटन, मन्हा राजा, तू काय लिखं तुन्हा भाऊले? तुन्हं कागद उनं तधयपास्नं तो जेवस नही. दुपारले ईहीरवर जाई बठस, कान लाईसन. इचारं ते म्हनस, "लोटनले ठाऊक शे, पन तो सांगत नही. म्हंजे मीच मारं." मी म्हनं, तू कसा मारशी? तर मन्हाकडे देखस आनि उठी जास.

काल ते माले बी ऐकू उनं. मी भाकर लई गयथू. ईहीरना पलीकडे बठेल व्हता तो, आनि खाले ठक ठक चाली ऱ्हायनं व्हतं. मी म्हतारी, मन्हा कानवर इसवास ठेवू नको. पन तो हासी ऱ्हायना व्हता लोटन, आवाजसंगे मान हालवत. मन्हा पोऱ्या जाई ऱ्हायना.

तुन्हा पोटमा काय शे ते माले लिख. मी तुले ल्हानाचं मोठं कये. मन्हापास्नं दपाडू नको.

त्या एवढंच म्हणाल्या. पुढं रडायला लागल्या. तुम्ही पत्र त्यांच्याच नावानं टाका, ह्यांच्या नको.


पुणे
११ फेब्रुवारी १९५८

ती. मावशी,

हे पत्र रंजनावहिनींकडून एकटीनं वाचून घे.

मी भाऊंना खोटं लिहिलं. दोन्ही बाटल्या धड आल्या होत्या. डब्यातलं तेल मी सगळ्या कसोट्यांवर तपासलं. आमच्या यादीतल्या तेलांपुढे ते कुठंही कमी पडलं नाही. शिक्का नव्हता, पण तेल अस्सल होतं. व्यापाऱ्यानं चांगलं पिंप आणलं होतं आणि वाहरूनं चांगलं तेल आणलं.

दुसऱ्या बाटलीतलं, इंजिनातलं तेल मी तापवायला ठेवलं. थोड्या वेळानं शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, इथं कुरडया कोण तळतंय? मावशी, सगळ्या खोलीत आपल्या घरातल्या पोळ्याचा वास पसरला होता. इंजिनात भुईमुगाचं तेल गेलं होतं. ते यंत्राला चालत नाही. उष्णतेनं त्याचा गोंद होतो आणि आतले रस्ते बुजतात, दोन महिन्यांत बुजले. त्या दिवसापासून मी चाचणीखोलीत शिरलो की तो वास येतो. इतरांना येत नाही. मी एकदा खिडक्या काढायला लावल्या.

पोळ्याला तू बैलांना बांबूच्या नळ्यानं तेल पाजायचीस, हे मी लहानपणी पाहिलं आहे. दारात बैल नव्हते, आणि इंजिनाला हळद तूच दिलीस. मग तेलही तूच दिलं असणार, हे मला वास आला त्याच क्षणी कळलं. तुझ्या हातून मायेनं झालं. म्हणूनच मला ते भाऊंना लिहिता आलं नाही. त्यांना कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे तू ठरव. माझ्यालेखी तू निर्दोष आहेस.

तुझा लोटन


धानोरा
२० फेब्रुवारी १९५८

लोटन,

पोस्टमननं आईच्या नावाचं पत्र वावरात माझ्या हातात दिलं. आईच्या नावाचं पत्र मी आजवर कधी न उघडता तिला दिलं आहे? ती वाचणार कशी? मी उघडलं.

आईनं ओतलं नाही. तिला माहीतसुद्धा नाही. तिनं वाहरूला सणाचं म्हणून शेरभर तेल दिलं होतं, घरी कुरडया तळायला, दर साली देते तसं. पोळ्याच्या सकाळी मी विहिरीवर गेलो तर तो खाली ओट्यावर उभा होता. एका हातात ते तेल, दुसऱ्या हातात बैलांचा जुना नळा. त्यानं इंजिनाचं तेलाचं झाकण काढून ठेवलं होतं. वर बघून म्हणाला, "मालक, साऱ्या गावना ढोरं पेतस आज. हाऊ एकलाच तिशा उभा शे." बैल विकल्यापासूनचं हे त्याचं पहिलं वाक्य.

मला माहीत होतं, लोटन. पुस्तक मी वाचलं होतं, तुझं पत्र वाचलं होतं. यंत्राला खायचं तेल घालायचं नाही हे मला कळत होतं. पण मी नको म्हटलं असतं तर त्यानं मान हलवली असती आणि परत कधी बोलला नसता. मला ते नको होतं. शेरभरानं काय होतंय, असं मनाशी म्हटलं.

आणि तो थांबला. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. मालकाचा हात लागल्याशिवाय पहिला नळा बैलाच्या तोंडात जात नाही. तो नळा धरून माझ्याकडे बघत राहिला. मी उतरलो, नळ्याला हात लावला. दोघांनी मिळून ओतलं.

तुला बाटली पाठवताना हात अडखळला. मग वाटलं, दोन महिन्यांत जळून गेलं असेल, त्याचा काय पत्ता लागणार. तू एकदा लिहून पाठवावंस की सुटं तेल वाईट होतं, एवढ्यासाठी मी देव पाण्यात घालून बसलो होतो. तू काही सांगता येत नाही म्हणालास, तेव्हा मला वाटलं, याला सगळं कळलं आहे आणि हा माझं नाव झाकतो आहे. तू झाकत होतास, पण आईचं.

त्या आवाजाला मी आता भीत नाही. भीती आवाज थांबण्याची वाटते. त्या दिवशी थांबला तेव्हा मी काठावर उभा राहून सुटकेचा श्वास घेतला होता.

होळी झाली की डोंगरात रूपलीबाईकडे जाणार आहे. तिला सांगणार आहे.

रूपचंद


धानोरा
१४ मार्च १९५८

लोटन,

जाऊन आलो. तापी उतरून शहाद्यापर्यंत मोटार, पुढं दीड दिवस पायी. रूपलीबाई भावाच्या खळ्यावर मोहाची फुलं वाळत घालत होती. मला बघून उठली नाही. पाणी दिलं.

मी तोंड उघडायच्या आधी तिनंच विचारलं, "मालक, मन्हा मानूस खराब तेल लयना व्हता का?"

माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं रे. मी गावात सांगत सुटलो की खांडबाऱ्याचं बिनशिक्क्याचं तेल होतं, त्यानं घात केला. ते तेल खांडबाऱ्याहून डोक्यावर कुणी आणलं? वाहरूनं. तिच्या माहेरी पाण्यावरच्या बायासुद्धा म्हणतात, त्यानं स्वतःचं मरण स्वतःच उचलून आणलं. त्याचा भाऊ दलसिंग तिला म्हणाला, शिक्का बघून आणायला काय झालं होतं? चार महिने ती हे ऐकते आहे, आणि ते माझ्या तोंडून निघालेलं आहे.

मी सगळं सांगितलं. पोळा, नळा, माझा हात. ती फुलं पसरत राहिली. मग म्हणाली, "ते माले ठाऊक शे. तुम्ही हात लावा म्हनीसन तो त्या दिन घर हासत उना. मी त्याले म्हनं, आपली कढई कोरडी राहिनी. तो म्हने, राहू दे, मालकनी हात लावा." हात झटकून म्हणाली, "ते जाऊ द्या. तेलनं सांगा."

मी म्हटलं, तेल चांगलं होतं, उत्तम होतं, माझ्या भावानं तपासलं. ती म्हणाली, "तुमना शब्द नको, मालक. तुमना शब्द गावमा फिरी ऱ्हायना. शिक्का मारेल कागद द्या."

लोटन, मला तो कागद दे. तू एकदा लिहिलं होतंस, शिक्का म्हणजे कुणीतरी उघडून बघितलं आहे. तू बघितलं आहेस. आणि त्यात हेही घाल, की भुईमुगाचं तेल मालकाच्या हातानं गेलं.

रूपचंद


पुणे
२६ मार्च १९५८

ती. भाऊ,

साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, जो माल आपल्या यादीत नाही त्याला आपला शिक्का लागत नाही, आणि मेलेल्या माणसासाठी तेलाचा दाखला कुणी मागत नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मी निष्कर्ष तीन महिने दडपून ठेवला, हेही सांगितलं. त्यांनी फाइल मागितली, पानन् पान वाचलं. मग खण उघडून शिक्का टेबलावर ठेवला आणि जेवायला निघून गेले. जेवायची वेळ झाली नव्हती.

दाखला सोबत आहे. मजकूर असा:

"मौजे धानोरा येथील वाहरू यांनी खांडबारा बाजारातून आणलेल्या सुट्या इंजिन तेलाचा नमुना मी स्वतः तपासला. ते तेल स्वच्छ, निर्भेळ आणि आमच्या मान्य यादीतील तेलांच्या तोडीचे होते. इंजिन बिघडण्यास ते कारण नाही. इंजिनातील तेलात भुईमुगाचे तेल नंतर मिसळलेले आढळले. इंजिन त्यामुळे बिघडले."

खाली माझी सही आणि शिक्का आहे.

मालकाच्या हातानं, हे मी घातलेलं नाही. तेल मला दिसतं, हात दिसत नाही. जे मी पाहिलं नाही त्यावर शिक्का मारता येणार नाही, आणि तुम्हाला वाचवण्यासाठी मी हे म्हणत नाही. शिक्क्याखाली चार बोटं जागा सोडली आहे. ते तुम्ही लिहा.

लोटन


धानोरा
९ एप्रिल १९५८

चि. लोटन,

कार्डावर मावेल तेवढंच लिहितो.

ती ओळ लिहिली, सही केली. चावडीवर सगळ्यांसमोर उभा राहून वाचलं. आई खाली मान घालून बसली होती. एकदोघं उठून गेले. दलसिंगला मुद्दाम बोलावून आणला होता, त्यानं परत एकदा वाचायला लावलं आणि मी परत वाचलं.

मग कागद डोंगरात नेऊन रूपलीबाईच्या हातात दिला. तिला वाचता येत नाही. तिनं आधी शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "त्यानं नाव कोठे शे?" मी पहिल्या ओळीत दाखवलं. तिनं तिथं बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

नंतर म्हणाली, "आनि तुमनं?"

मी तेही दाखवलं.

रूपचंद